सहीच्या वरचा मजकूर

घोषणापत्र एका पानाचं असतं. वस्तूचं नाव, बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, ‘ही घोषणा सर्वस्वी आमच्या जबाबदारीवर करत आहोत’ असं एक वाक्य, कोणता कायदा पाळला, कोणती मानकं लावली, स्थळ, तारीख, सही. युरोपीय संघाच्या ‘सायबर रेझिलियन्स अ‍ॅक्ट’ या सायबर-सुरक्षेच्या कायद्याच्या पाचव्या परिशिष्टात त्याचा साचाच दिलेला आहे. टाइप करायला अर्धा तास पुरतो. बाकीचा सगळा वेळ जातो तो त्या पानावरचं प्रत्येक वाक्य खरं आहे का हे शोधण्यात, आणि नसेल तर ते खरं करून घेण्यासाठी लोकांच्या मागे लागण्यात. माझी नोकरी या दुसऱ्या कामाची.

मी पुण्यातल्या एका छोट्या कंपनीत आहे. वर्डप्रेसच्या वेबसाइटवर बसवायचा अपॉइंटमेंट बुकिंगचा प्लगइन आम्ही विकतो. दवाखाने, सलून, योगाचे वर्ग, विद्यापीठांची समुपदेशन केंद्रं अशी गिऱ्हाइकं, बरीचशी युरोप-अमेरिकेतली. मी इथे आले ती मॅन्युअल लिहायला, ‘सेव्ह बटणावर क्लिक करा’ छापाची. कम्प्लायन्सची कामं माझ्याकडे सरकली याचं कारण एवढंच, की ती दुसऱ्या कुणाला नको होती. डेव्हलपरना त्यात कोड दिसत नव्हता आणि सेल्सवाल्यांना पैसा.

सुरुवात व्हीपॅटने झाली. अमेरिकेच्या १९७३च्या रिहॅबिलिटेशन अ‍ॅक्टमध्ये ५०८ क्रमांकाचं एक कलम आहे. केंद्र सरकारच्या खात्यांनी घेतलेलं सॉफ्टवेअर अपंग व्यक्तींनाही वापरता आलं पाहिजे, असं ते सांगतं. आपला माल त्यात कुठे बसतो हे विक्रेत्याने ज्या तक्त्यात लिहून द्यायचं तो व्हीपॅट. बंधन सरकारी खात्यांना असलं तरी विद्यापीठंही खरेदीआधी तोच मागतात. तक्त्यात एका रांगेत एक निकष आणि त्याच्यासमोर चारांपैकी एक उत्तर: पूर्तता होते, अंशतः होते, होत नाही, लागू नाही. डब्ल्यूकॅग २.१ या वेब-सुलभतेच्या मानकाच्या ए आणि एए पातळ्या धरल्या तर असे ५० निकष. पहिल्यांदा एका विद्यापीठाने तो मागितला तेव्हा सेल्सच्या मुलाने मला मेल पुढे ढकलला आणि वर लिहिलं, ‘संध्याकाळपर्यंत देशील ना? फॉर्मच आहे.’

फॉर्म भरायचा तर प्लगइन तपासायला हवा, आणि तपासायला तो डोळ्यांनी न बघणारा माणूस हवा. ओळखीतून एक अंध टेस्टर मिळाले. स्वतःचा लॅपटॉप घेऊन आले, एनव्हीडीए हा पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा स्क्रीनरीडर सुरू केला आणि आमचा डेमो उघडला. त्यांच्या स्क्रीनरीडरचा वेग इतका, की मला त्यातलं एक अक्षर कळेना. मग त्यांनी हेडफोनची पिन काढली आणि आम्हाला ऐकू यावं म्हणून वेग कमी केला. आमच्या कॅलेंडरवर टॅब दाबत दाबत ते पुढे निघाले. ‘बटण. बटण. बटण. बटण.’ अख्खा महिना बटणांचा. एकालाही नाव नाही. ते थांबले आणि शांतपणे म्हणाले, “मॅडम, यातला मंगळवार कुठला?”

ते कॅलेंडर लिहिणारा मुलगा माझ्या मागेच उभा होता. दिसायला देखणं कॅलेंडर होतं, त्याला त्याचा अभिमानही होता. तो काही बोलला नाही, जागेवर जाऊन बसला. दिवस मावळायच्या आत तेच मशीन ‘मंगळवार, १४ मे, उपलब्ध’ असं बोलायला लागलं. दुरुस्ती तशी किरकोळ होती, प्रत्येक बटणाला एक लेबल. पण ती यादीत यायला एका माणसाला ऑफिसात येऊन विचारावं लागलं. त्यानंतर मी कुठलाही तक्ता नुसत्या डेव्हलपरच्या ‘हो, आहे’वर भरलेला नाही.

खरी डोकेफोड पुढे होती. प्लगइन म्हणजे दुसऱ्याच्या वाड्यातला भाडेकरू. भिंती मालकाच्या, नळ सामाईक, जिना शेजाऱ्याचा. अक्षरांचा आणि पार्श्वभूमीचा कॉन्ट्रास्ट किमान ४.५ला १ हवा, हा निकष घ्या. रंग ठरवते गिऱ्हाइकाने निवडलेली थीम, आम्ही नाही. मग उत्तर काय लिहायचं? ‘पूर्तता होते’ म्हणावं तर फिकट थीमवर खोटं पडतं, ‘लागू नाही’ म्हणावं तर बटण आमचंच आहे. शेवटी आम्ही शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, की मूळ रंगसंगतीत पूर्तता होते, थीमने रंग बदलल्यास जबाबदारी साइट चालवणाऱ्याची. आणि असंही लिहिलं, की सेटिंगमध्ये रंग निवडताना कॉन्ट्रास्ट कमी पडला तर इशारा दिला जातो. तो इशारा तोवर प्लगइनमध्ये नव्हता. वाक्य लिहिलं, मग ते खरं करायला इशारा बनवला. असा उलटा प्रवास या कामात अनेकदा होतो, आणि मला तो गैर वाटत नाही. फक्त क्रम पाळायचा: आधी इशारा रिलीज होणार, मग कागद बाहेर जाणार.

‘लागू नाही’ या उत्तराचा दुरुपयोग पुष्कळ होतो. जे जमत नाही ते लागू नाही. आमच्याकडेही तसा आग्रह झाला. एका मोठ्या चौकशीच्या वेळी तीन-चार ‘अंशतः’ हिरवे करून दे, असं मला सांगण्यात आलं. मी दिले नाहीत. ती ऑर्डर गेली. ज्यांना मिळाली त्यांच्या तक्त्यात सगळ्या ओळी स्वच्छ होत्या, असं नंतर कानावर आलं. सेल्सच्या मुलाने ते मला बरेच महिने ऐकवलं. त्याचा राग समजण्यासारखा होता. त्याचा इन्सेन्टिव्ह बुडाला, माझा पगार चालू राहिला.

डिसेंबर २०२१मध्ये लॉगफोरजेचं प्रकरण झालं. जावात लिहिलेल्या हजारो सॉफ्टवेअरांच्या पोटात असलेली ही छोटी लायब्ररी, आणि तिच्यात असं भोक की बाहेरच्या कुणालाही सर्व्हरवर आपला कोड चालवता यावा. आमचा प्लगइन पीएचपी आणि जावास्क्रिप्टमधला. जावाचा संबंधच नाही. तरी गिऱ्हाइकांच्या मेलची रांग लागली: ‘तुम्ही लॉगफोरजे वापरता का? लेखी कळवा.’ उत्तर एका शब्दाचं होतं, ‘नाही’. पण ते लेखी द्यायचं म्हणजे आपल्या प्लगइनमध्ये, आणि कॅलेंडर सिंक करणाऱ्या आपल्या सर्व्हरवर, काय काय आहे याची यादी हाताशी हवी. ती नव्हती. प्लगइनमध्ये आम्ही लिहिलेला कोड किती आणि दुसऱ्यांचा उचललेला किती, हे कुणालाच नीट सांगता येईना. एका फोल्डरात एक मिनिफाय केलेली, म्हणजे आवळून न वाचण्याजोगी झालेली, फाइल सापडली. वर ना नाव, ना आवृत्ती, ना परवाना. ती टाकणारा मुलगा केव्हाच नोकरी सोडून गेला होता. त्याला फोन केला. “ताई, तेव्हा चालत होतं म्हणून टाकलं,” म्हणाला. प्रामाणिक उत्तर होतं.

आज ज्याला एसबॉम म्हणतात ती ही घटकांची यादी. नव्या युरोपीय कायद्यात ती सक्तीची आहे, यंत्राला वाचता येईल अशा स्वरूपात, किमान वरच्या थरातल्या घटकांची तरी. सक्ती नसती तरी मी ती केली असती. फोल्डर उपसताना दोन लायब्रऱ्या अशा निघाल्या, की त्यांचा वापर कधीच थांबला होता आणि त्या नुसत्या पडून होत्या. त्या काढल्यावर प्लगइन हलका झाला आणि काहीही मोडलं नाही.

आता तो कायदा, सायबर रेझिलियन्स अ‍ॅक्ट. क्रमांक २०२४/२८४७. १० डिसेंबर २०२४ला अमलात आला. मुख्य तरतुदी ११ डिसेंबर २०२७पासून लागू, दोषांची खबर देण्याची जबाबदारी मात्र त्याआधीच, ११ सप्टेंबर २०२६पासून. मूलभूत सुरक्षा-अटी मोडल्या तर दंडाची कमाल मर्यादा दीड कोटी युरो किंवा जगभरातल्या वार्षिक उलाढालीच्या अडीच टक्के, यातलं जे जास्त असेल ते. हा आकडा मीटिंगमध्ये वाचला की सगळे मोबाइल खाली ठेवतात, म्हणून मी तो आधी वाचते. त्यानंतरचा प्रश्न दरवेळी तोच: “हे आपल्याला लागू आहे का? आपण तर पुण्यात.” माल युरोपात विकता ना, मग लागू. “पण मोफत आवृत्ती ओपन सोर्स आहे.” आहे, पण ती पैशाच्या आवृत्तीची जाहिरात म्हणूनच दिली जाते. निव्वळ हौसेने, व्यवसायाशिवाय दिलेल्या ओपन सोर्सला कायद्याने सूट दिली आहे. आमची हौस तितकी निव्वळ नाही. आणि कॅलेंडर सिंक करणारा आमचा सर्व्हर? त्याच्याशिवाय प्लगइनचं एक काम होत नाही, म्हणून तोही वस्तूचाच भाग. भाडेकरूचं सामान किती, हे इथे पहिल्यांदा कुणीतरी रेषा ओढून सांगितलं.

घोषणापत्राच्या साच्यातल्या चौथ्या कलमाची मला गंमत वाटते. घोषणेची वस्तू ओळखता येईल असं वर्णन द्या; योग्य असल्यास छायाचित्रही जोडता येईल. हा साचा यंत्रांच्या, खेळण्यांच्या, इस्त्र्या-मिक्सरच्या दुनियेतून आला आहे हे उघड आहे. प्लगइनचा फोटो कुठून काढणार? मी नाव आणि आवृत्ती-क्रमांक लिहिला, आणि त्यातून नवा प्रश्न उभा राहिला. मिक्सर वर्षानुवर्षं तोच राहतो, आमची आवृत्ती महिन्यातून दोनदा बदलते. दर रिलीजला नवं घोषणापत्र काढायचं? कायदा म्हणतो, बदल ‘सारभूत’ असेल तर. म्हणजे ज्याने वस्तूचा हेतू बदलतो किंवा सुरक्षा-अटींच्या पूर्ततेवर परिणाम होतो असा. नुसतं भोक बुजवलं तर नाही. तेव्हापासून आमच्या रिलीजच्या बैठकीत माझी एक खुर्ची असते. ‘एक्सेलमधून गिऱ्हाइकांची यादी आत घ्यायची सोय’ हे डेव्हलपरच्या दृष्टीने दोन दिवसांचं काम. माझ्या दृष्टीने बाहेरची फाइल आत घेणारं नवं दार. तिथे नवं जोखीम-मूल्यमापन आलंच. ते ऐकल्यावर त्या मुलांची तोंडं कशी होतात हे मी जवळून पाहिलं आहे.

सगळ्यात मोठं भांडण मात्र पैशावरून झालं. प्लगइनचा धंदा चालतो वार्षिक लायसन्सवर. वर्ष संपलं आणि नूतनीकरण केलं नाही, तर प्लगइन चालू राहतो, अपडेट बंद होतात. अपडेट बंद झाले की दोषांच्या भीतीने गिऱ्हाईक पैसे भरतं. हे कुठल्याही ब्रोशरमध्ये छापत नाहीत, पण हिशेब तोच असतो. कायद्याच्या पहिल्या परिशिष्टाचा दुसरा भाग म्हणतो, सुरक्षेचे अपडेट विनाविलंब आणि विनामूल्य द्या. शक्य असेल तिथे नव्या सुविधांपासून वेगळे काढून द्या. आणि हे किती काळ? आधाराचा कालावधी साधारणपणे किमान पाच वर्षं, आणि तो कोणत्या महिन्या-वर्षाला संपणार हे विकतानाच सांगायचं.

मी हे वाचून दाखवलं तेव्हा आमचे संचालक म्हणाले, “म्हणजे पैसे न भरणाऱ्यालाही पाच वर्षं आपण सांभाळायचं?” हो, त्याच्या सुरक्षेपुरतं. अकाउंट्सच्या बाईंनी कॅल्क्युलेटर पुढे ओढला. डेव्हलपर म्हणाले, सुरक्षा आणि सुविधा वेगळ्या काढायच्या तर दोन शाखा चालवाव्या लागतील, माणसं कुठे आहेत? कुणी म्हणालं, युरोपच बंद करू. कुणी म्हणालं, बघू २०२७ला. त्या बैठकीत काहीच ठरलं नाही, आणि मला वाटतं ते बरंच झालं. घाईत ठरलं असतं तर पळवाटच ठरली असती. पुढच्या काही आठवड्यांत सपोर्टच्या मुलीने जुनी टिकिटं काढून दाखवली. लायसन्स संपलेल्या साइट हॅक झाल्या की ते लोक तक्रार आमच्याकडेच करतात, आणि शिव्या आमच्या प्लगइनच्या नावाने घालतात. ते बघितल्यावर संचालकांचा सूर बदलला. आता सुरक्षेचे अपडेट सगळ्यांना जातात. लायसन्स नव्या सुविधांसाठी आणि सपोर्टसाठी. धंद्यावर याचा काय परिणाम होईल हे मी छातीठोकपणे सांगणार नाही. पण घोषणापत्रातलं ते वाक्य आता खोटं नाही.

दोषांची खबर देण्याच्या चोवीस तासांच्या अटीबद्दल थोडक्यात. कुणी आपल्या दोषाचा प्रत्यक्ष गैरफायदा घेत आहे असं कळलं, की २४ तासांत पहिली सूचना, ७२ तासांत सविस्तर, आणि उपाय उपलब्ध झाल्यापासून १४ दिवसांत अंतिम अहवाल. आपल्या सर्ट-इन या सरकारी सायबर-सुरक्षा संस्थेच्या २०२२च्या निर्देशांत तर घटनेची खबर सहा तासांत द्यायची आहे, त्यामुळे आकड्याने आम्ही दचकलो नाही. दचकलो ते ‘कुणाला कळवायचं’ या ठिकाणी. युरोपात कार्यालय, प्रतिनिधी, आयातदार, वितरक यांपैकी काहीच नसेल, तर ज्या देशात तुमचे सर्वाधिक वापरकर्ते आहेत त्या देशाच्या सायबर-घटना हाताळणाऱ्या पथकाला. आमचे सर्वाधिक वापरकर्ते कुठे? सेल्सने तत्काळ ‘जर्मनी’ सांगितलं, कारण बिलं तिथे जास्त फाटतात. पण बिल एका एजन्सीच्या नावाने आणि साइट भलत्याच देशात, असं निम्म्या ठिकाणी निघालं. दिवाळीच्या चार दिवसांत फोन कुणाकडे असेल हा प्रश्न मी यादीत सर्वांत वर ठेवला होता. त्याचं उत्तर आधी मिळालं, देशाचं नंतर.

या कायद्याची चाहूल लागल्यापासून एजंटांचे फोन सुरू झाले. ‘सीई सर्टिफिकेट काढून देतो, आठवड्यात, होलोग्रामसकट.’ आपल्याकडे कागदाला बाहेरच्याचा शिक्का लागतोच अशी समजूत आहे, म्हणून हा धंदा चालतो. वस्तुस्थिती अशी, की साध्या वर्गातल्या सॉफ्टवेअरला बाहेरच्या कुणाचं सर्टिफिकेट लागतच नाही. तपासायचं आपण, फाइल आपण करायची, घोषणा आपली, आणि नियम पाळल्याची सीई ही खूण घोषणापत्रावर किंवा वेबसाइटवर आपणच लावायची. पासवर्ड मॅनेजर, ओळख-पडताळणीची प्रणाली असं काही तुम्ही बनवत असाल तर तुमचा वर्ग वरचा आणि नियम कडक. आमच्या प्लगइनमध्ये लॉगिन आहे, पण त्याचा गाभा बुकिंगचा. एवढं ठरवण्यासाठी वकिलाची फी भरली आणि ती वसूल झाली असं मी मानते. एजंटला मी विचारलं, तुमच्या कागदावर सही कुणाची असेल? तो म्हणाला, “मॅडम, सही तुमचीच, आम्ही फक्त प्रिंट काढून देतो.”

सहीवरून आठवलं. आमचे संचालक सहीच्या बाबतीत उदार. भाडेकरार, बँकेचे फॉर्म, दिवाळीची भेटकार्डं, समोर ठेवाल तिथे सही. या मसुद्यावर मात्र ते अडले. ‘सर्वस्वी आमच्या जबाबदारीवर’ हे शब्द त्यांनी दोनदा वाचले आणि विचारलं, “हे ‘आम्ही’ म्हणजे मीच ना?” मी हो म्हटलं. मग त्यांनी पूर्ण तांत्रिक फाइल मागितली. माझ्या माहितीप्रमाणे कंपनीचं एखादं डॉक्युमेंट त्यांनी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचण्याचा तो पहिला प्रसंग. पेन्सिलने प्रश्नचिन्हं काढली. त्यातली काही माझ्या भाषेवर होती आणि बरोबर होती. काही अशी होती की ज्यांचं उत्तर कंपनीत कुणाकडेच नव्हतं. ती फाइल दहा वर्षं जपून ठेवायची आहे, आधाराचा काळ त्याहून मोठा असेल तर तेवढी. तोवर आमच्यापैकी कोण कुठे असेल सांगता येत नाही. म्हणून प्रत्येक उत्तरापुढे मी ते कुणी दिलं, कधी दिलं आणि कशावरून दिलं हे लिहून ठेवते.

प्लगइन बनवून बाहेर विकणाऱ्या आपल्याकडच्या छोट्या कंपन्यांना माझं एक सांगणं आहे. घोषणापत्राचा साचा सगळ्यात शेवटी उघडा. आधी घटकांची यादी करा आणि अपडेट कुणाला किती काळ देणार ते ठरवा. आणि हे काम ‘इंग्रजी बरं आहे’ एवढ्यावर कालच आलेल्या मुला-मुलीच्या गळ्यात मारू नका. ‘हे वाक्य अजून खरं नाही’ असं मालकाला तोंडावर सांगू शकेल आणि सांगूनही ज्याची नोकरी शाबूत राहील, अशा माणसाला ते द्या.